तुळाजी आंग्रे

तुळाजी कान्होजी आंग्रे हे अठराव्या शतकातील मराठा आरमाराचे सरखेल होते. सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या पुत्रांपैकी ते एक. इ.स. १७४३ ते १७५६ या काळात, आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्ग हे मुख्य ठाणे करून, त्यांनी कोकण किनाऱ्याच्या मोठ्या भागावर सत्ता चालवली. अंजनवेल आणि गोवळकोट ही सिद्दीची ठाणी त्यांनी जिंकली आणि इंग्रज व डच कंपन्यांच्या जहाजांना जरब बसवली. पेशव्यांशी आलेल्या वितुष्टामुळे इ.स. १७५५-५६ मध्ये पेशवे व इंग्रज यांनी संयुक्तपणे त्यांच्याविरुद्ध मोहीम काढली. तीत विजयदुर्गाच्या बंदरात आंग्रे यांचे आरमार जळाले आणि तुळाजींना उर्वरित आयुष्य कैदेत घालवावे लागले. मराठ्यांच्या सागरी सत्तेच्या इतिहासात ही घटना निर्णायक मानली जाते.

घराणे व पार्श्वभूमी

छत्रपती शिवाजी महाराजांनी उभारलेल्या आरमाराची धुरा सतराव्या शतकाच्या अखेरीस कान्होजी आंग्रे यांच्याकडे आली. सरखेल म्हणजे आरमाराचा प्रमुख अधिकारी. कान्होजी आरंभी ताराबाईंच्या पक्षात होते. इ.स. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ यांच्या शिष्टाईने ते छत्रपती शाहू महाराजांच्या बाजूला आले. या समेटात शाहूंनी त्यांचे सरखेलपद व किनाऱ्यावरील किल्ल्यांचा ताबा मान्य केला. पेशवे या व्यवहारात मध्यस्थ होते. अधिकार देणारे छत्रपती होते आणि तो घेणारे आंग्रे होते. पुढील पिढीत निर्माण झालेल्या वादाचे मूळ समजून घेण्यासाठी ही गोष्ट लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

कान्होजींच्या काळात कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांना आंग्रे यांचे दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावे लागे. दस्तक नसलेले जहाज पकडले जाई. किनाऱ्याच्या धन्याचा हा हक्क आहे, अशी आंग्रे यांची भूमिका होती. पोर्तुगीजही आपल्या हद्दीत असेच परवाने देत असत. मुंबईच्या इंग्रजांनी मात्र हा हक्क कधी मान्य केला नाही आणि आंग्रे यांना ते चाचे म्हणत राहिले. इंग्रजांनी इ.स. १७१७ व १७२० मध्ये आणि डचांनी इ.स. १७२४ मध्ये विजयदुर्गावर केलेले हल्ले अयशस्वी ठरले. इ.स. १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर केलेली स्वारीही फसली. ४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचे निधन झाले. त्यांच्यामागे सेखोजी, संभाजी, मानाजी, तुळाजी, येसाजी व धोंडजी हे पुत्र होते.

भाऊबंदकी

कान्होजींनंतर ज्येष्ठ पुत्र सेखोजी सरखेल झाले. त्यांच्या हयातीत घराणे एकत्र राहिले, परंतु इ.स. १७३३ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीविरुद्धची मोहीम चालू असतानाच त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर संभाजी व मानाजी या भावांत वारशाचा कलह पेटला. मानाजींनी पोर्तुगीजांच्या साहाय्याने कुलाबा ताब्यात घेतला. अखेर इ.स. १७३५ मध्ये पहिले बाजीराव पेशवे यांनी मध्यस्थी करून आंग्रे यांच्या दौलतीची विभागणी केली. मानाजींना वजारतमाब हा किताब व कुलाबा मिळाला, तर संभाजींकडे सरखेल हा किताब आणि सुवर्णदुर्गापासून विजयदुर्गापर्यंतचा दक्षिणेकडील भाग राहिला.

या वाटणीने भांडण तात्पुरते मिटले, परंतु आरमार दुभंगले. उत्तरेकडील शाखा पेशव्यांच्या आश्रयाला गेली आणि दक्षिणेकडील शाखा स्वतंत्र वृत्तीने वागू लागली. तुळाजी हे संभाजींचे सावत्र भाऊ असूनही त्यांच्याच पक्षात होते. इ.स. १७४० मध्ये संभाजींनी कुलाब्यावर चाल केली, तेव्हा मानाजींनी पेशवे व इंग्रज या दोघांकडेही मदत मागितली. बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशव्यांच्या फौजेने संभाजींच्या सैन्याचा पराभव केला आणि तुळाजी पेशव्यांच्या हाती सापडले. हे बंदिवास अल्पकाळाचे ठरले, परंतु तुळाजींच्या मनात पेशव्यांविषयी जी अढी पुढे दिसते, तिचा आरंभ या प्रसंगापर्यंत मागे नेता येतो. त्याच वेळी, आंग्रे यांच्या घरातील भांडणात इंग्रजांची जहाजे बोलावण्याचा पायंडाही पडला.

सरखेलपद

संभाजी आंग्रे यांचे इ.स. १७४२ च्या सुमारास निधन झाले. त्यानंतर इ.स. १७४३ मध्ये शाहू महाराजांनी तुळाजींना सरखेलपद दिले. त्या वेळी अंजनवेल व गोवळकोट या दोन ठाण्यांचा प्रश्न छत्रपतींच्या मनात होता. अंजनवेल हे वाशिष्ठी नदीच्या मुखाशी, गुहागरजवळ आहे, तर गोवळकोट त्याच नदीच्या काठी चिपळूणजवळ आहे. ही दोन ठाणी ज्याच्या हाती, त्याच्याकडे दाभोळच्या खाडीचा आणि चिपळूणच्या व्यापारी मार्गाचा ताबा राही. या भागाचा अंमलदार सिद्दी सात याने इ.स. १७२७ मध्ये चिपळूणजवळील परशुरामाचे देवस्थान लुटून उद्ध्वस्त केले होते. या घटनेने सातारा दरबार, तसेच शाहू, पेशवे व आंग्रे या सर्वांना पूज्य असलेले ब्रह्मेंद्रस्वामी अत्यंत व्यथित झाले होते. इ.स. १७३६ मध्ये चिमाजी आप्पांनी सिद्दी सात याला अलिबागजवळच्या लढाईत ठार केले, तरीही ही दोन ठाणी सिद्दीकडेच राहिली.

तुळाजींनी हे काम अंगावर घेतले. इ.स. १७४५ मध्ये त्यांनी अंजनवेल व गोवळकोट जिंकून घेतले. अंजनवेलच्या किल्ल्याला गोपाळगड आणि गोवळकोटाला गोविंदगड अशी नावे देण्यात आली. अनेक वर्षांच्या मोहिमांनी जे साध्य झाले नव्हते, ते नव्या सरखेलाने दोन वर्षांत साधले. शाहूंच्या दरबारात तुळाजींची प्रतिष्ठा वाढली. बाणकोटपासून विजयदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावर त्यांचा अंमल बसला. तुळाजींच्या कारकिर्दीतील हा सर्वांत यशस्वी काळ होय.

विजयदुर्ग व आरमार

देवगड तालुक्यात वाघोटणच्या खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग उभा आहे. घेरिया हे त्याचे जुने नाव असून इंग्रजी कागदपत्रांत तो याच नावाने येतो. किल्ल्याच्या तीन बाजूंना समुद्र व खाडीचे पाणी असून तिहेरी तटबंदी ही त्याची मोठी जमेची बाजू होती. खाडी खोल व आतवर गेलेली असल्यामुळे नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या वादळी महिन्यांतही जहाजे येथे सुरक्षित राहत. जवळच गिर्ये येथे खाडीकाठी आरमारी गोदी होती. तेथे जहाजे बांधली जात व त्यांची डागडुजी होई. खाडीतून वर नावा थेट घाटाच्या पायथ्याकडे जात, त्यामुळे लाकूड, धान्य व दारूगोळा यांची ने-आण सोपी होती.

आंग्रे यांच्या आरमारात गुराब व गलबत हे दोन मुख्य प्रकार होते. गुराब हे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे मोठे जहाज असून त्याचा नाळेकडील भाग पुढे निमुळता व सखल असे. तेथे समोर मारा करणाऱ्या तोफा बसवलेल्या असत. गलबत आकाराने लहान, हलके व वेगवान असून शिडांबरोबर चाळीस-पन्नास वल्ह्यांनीही चालत असे. वारा पडला की युरोपीय जहाजे जागच्या जागी खोळंबत. अशा वेळी गलबते दोर बांधून गुराबांना ओढीत शत्रूच्या पिछाडीस नेत, कारण तेथे त्याच्या बाजूच्या तोफांचा मारा पोहोचत नसे. शत्रूच्या डोलकाठ्या व शिडे निकामी झाली की गलबतांवरील शिपाई जहाजावर चढून हातघाईची लढाई करीत. ही जहाजे किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात सहज शिरत, जेथे मोठ्या जहाजांना पाठलाग करता येत नसे.

या पद्धतीचे सामर्थ्य किनाऱ्याच्या ज्ञानात होते. भरती-ओहोटी, मतलई व खारे वारे, खडक व खाड्यांची तोंडे यांची पिढ्यान्‌पिढ्या माहिती असलेले कोळी, भंडारी व इतर दर्यावर्दी समाज या आरमारात होते. खुल्या समुद्रात, चांगल्या वाऱ्यात, मोठ्या तोफांच्या युद्धनौकांच्या रांगेपुढे मात्र ही पद्धत अपुरी पडे. तुळाजींना याची जाणीव असावी, असे त्यांच्या गोदीतील कामावरून दिसते. आरमाराच्या अखेरच्या काळात तेथे दोन मोठी लढाऊ जहाजे बांधली जात होती.

सागरी मोहिमा

तुळाजींच्या काळात मुंबईच्या इंग्रजांना आपल्या व्यापारी जहाजांबरोबर लढाऊ जहाजे पाठवावी लागत, आणि या संरक्षणाचा खर्च कंपनीला फार जड जाई. इ.स. १७४९ मध्ये तुळाजींनी कंपनीचे रिस्टोरेशन हे लढाऊ जहाज पकडून आपल्या आरमारात सामील केले. पुढील वर्षी इंग्लंडच्या राजाच्या युद्धनौका संरक्षणाला असलेल्या तांड्यावरही त्यांच्या जहाजांनी हल्ला चढवण्याचे धाडस केले.

इ.स. १७५४ मध्ये तीन डच जहाजांशी त्यांच्या आरमाराची गाठ पडली. या जहाजांवर अनुक्रमे ५०, ३६ व १८ तोफा होत्या. त्यांपैकी दोन जहाजे जाळण्यात आली व एक पकडले गेले. युरोपीय कंपनीच्या इतक्या प्रबळ तांड्याचा असा पराभव झाल्यामुळे मुंबई, गोवा व कोची येथे तुळाजींचे नाव धास्तीने घेतले जाऊ लागले. इंग्रजांनी त्यांच्याशी दस्तकाच्या प्रश्नावर बोलणी करून पाहिली, परंतु तुळाजी आपल्या हक्कावर ठाम राहिले.

शेजारी सत्तांशी संबंध

दक्षिण कोकणात तेव्हा लहान-मोठ्या अनेक सत्ता शेजारी नांदत होत्या. मालवणचा सिंधुदुर्ग करवीरच्या छत्रपतींकडे होता. त्याच्या दक्षिणेला वाडीकर सावंतांचा मुलूख होता आणि त्यापलीकडे गोव्यात पोर्तुगीज होते. घाटावर बावड्याचे अमात्य व विशाळगडचे प्रतिनिधी यांची वतने होती. यांपैकी बहुतेकांशी तुळाजींचे खटके उडाले. घाटमाथ्याजवळील मुडागडावरून अमात्यांशी त्यांचा संघर्ष झाला. वाडीचे जयराम सावंत यांनी कुडाळच्या बाजूस आलेल्या तुळाजींच्या फौजेला मागे रेटले.

समुद्रावर पराक्रमी ठरलेल्या या सरखेलाला जमिनीवर मित्र जोडता आले नाहीत. कान्होजींनी एका शत्रूशी लढताना दुसऱ्याशी तह करून ठेवण्याची दक्षता घेतली होती. तुळाजींनी ती घेतली नाही. संकट आले तेव्हा त्यांनी गोव्याच्या पोर्तुगीजांकडे मदतीचे प्रयत्न केले, परंतु त्यातून त्यांचा बचाव होऊ शकला नाही.

पेशव्यांशी वितुष्ट

१५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू महाराजांचे निधन झाले आणि मराठी राज्याची सूत्रे साताऱ्याहून पुण्याकडे गेली. छत्रपतींच्या अनेक जुन्या सरदारांना हा बदल रुचला नाही. आपले पद छत्रपतींनी दिलेले आहे, पेशवेही आपल्यासारखेच छत्रपतींचे सेवक आहेत, मग त्यांच्या आज्ञेत का राहावे, अशी तुळाजींची धारणा होती. नानासाहेब पेशव्यांच्या दृष्टीने मात्र राज्याचा कारभार एका हाती आल्याखेरीज तो चालणे शक्य नव्हते. सरखेलाने हिशेब द्यावा, ठरलेली रक्कम भरावी आणि सरकारच्या परराष्ट्र धोरणाशी सुसंगत वागावे, अशी त्यांची अपेक्षा होती. तुळाजींनी यांपैकी काहीच मानले नाही. पेशव्यांच्या मुलखातील रयतेला व ब्राह्मणांना त्यांच्या माणसांकडून उपद्रव होतो, अशा तक्रारीही पुण्याला येऊ लागल्या.

दोन्ही बाजूंच्या म्हणण्याला आधार होता. परंतु हा वाद मिटवू शकेल असा छत्रपती आता उरला नव्हता. पेशव्यांकडे विजयदुर्ग किंवा सुवर्णदुर्ग समुद्राकडून घेण्याइतके आरमार नव्हते. वसईच्या विजयानंतर त्यांनी उत्तर कोकणात उभारलेले आरमार लहान होते. अशा स्थितीत त्यांचे सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी मुंबईच्या इंग्रजांशी संधान बांधले.

इ.स. १७५५ चा तह व सुवर्णदुर्ग

मार्च १७५५ मध्ये पेशव्यांच्या वतीने रामाजी महादेव आणि मुंबईचे गव्हर्नर रिचर्ड बोर्शिए यांच्यात तह झाला. समुद्राकडून इंग्रजांनी व जमिनीकडून पेशव्यांच्या फौजेने लढावे, आरमाराची सूत्रे इंग्रजांकडे असावीत, जिंकलेले किल्ले पेशव्यांना मिळावेत आणि मोबदल्यात बाणकोट ऊर्फ हिंमतगड व लगतची काही गावे इंग्रजांना द्यावीत, असे ठरले.

त्याच महिन्यात कमोडोर विल्यम जेम्स हा ४४ तोफांचे प्रोटेक्टर हे जहाज व इतर काही नौका घेऊन निघाला. हर्णेजवळचा सुवर्णदुर्ग हे आंग्रे यांचे उत्तरेकडील प्रमुख ठाणे होते. समोरच्या किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड व गोवा हे तीन छोटे किल्ले त्याच्या रक्षणासाठी होते. २ एप्रिल रोजी जेम्सने किल्ल्यावर तोफा डागण्यास सुरुवात केली आणि पहिल्याच दिवशी सुमारे ८०० गोळे फेकले. माऱ्यामुळे किल्ल्यातील दारूकोठाराचा स्फोट झाला व मोठी आग लागली. त्यानंतर लवकरच किल्ला व किनाऱ्यावरील कोट पडले. काही दिवसांतच बाणकोटही हाती आले आणि तहाप्रमाणे इंग्रजांनी ते आपल्याकडे घेतले. पुढे ते फोर्ट व्हिक्टोरिया या नावाने ओळखले जाऊ लागले.

पावसाळा तोंडावर आल्याने जेम्स मुंबईस परतला. पेशव्यांच्या फौजांनी मात्र जमिनीवरून मोहीम चालू ठेवली. इ.स. १७५६ च्या आरंभापर्यंत अंजनवेल, गोवळकोट, रत्नागिरी इत्यादी ठाणी एकामागून एक तुळाजींच्या हातून गेली. त्यांच्याकडे मुख्यतः विजयदुर्ग उरला.

विजयदुर्गाचा पाडाव

इ.स. १७५५ च्या उत्तरार्धात रिअर अ‍ॅडमिरल चार्ल्स वॉटसन याचे आरमार आणि लेफ्टनंट कर्नल रॉबर्ट क्लाइव्ह याच्या हाताखालील पलटणी मुंबईत होत्या. क्लाइव्ह दख्खनमधील फ्रेंचांविरुद्धच्या मोहिमेसाठी आला होता. ती मोहीम रद्द झाल्यामुळे या दोघांना विजयदुर्गाकडे वळवण्यात आले. डिसेंबरमध्ये जेम्सने विजयदुर्गाची टेहळणी केली आणि हा किल्ला समजला जातो तितका दुर्भेद्य नाही, असा अहवाल दिला. मुंबई सोडण्यापूर्वीच इंग्रज अधिकाऱ्यांनी किल्ल्यात मिळणाऱ्या लुटीची वाटणी आपसांत ठरवून टाकली. तीत पेशव्यांचा वाटा नव्हता.

फेब्रुवारी १७५६ च्या दुसऱ्या आठवड्यात वॉटसनचे आरमार विजयदुर्गासमोर आले. वॉटसनच्या निशाणाचे केंट, तसेच कंबरलंड, टायगर, सॅलिसबरी इत्यादी युद्धनौका त्यात होत्या. जमिनीच्या बाजूस रामाजी महादेव व खंडोजी माणकर यांच्या फौजा होत्या. आपला निभाव लागणार नाही, हे ओळखून तुळाजी किल्ला आपल्या मेव्हण्याच्या स्वाधीन करून समेटाची बोलणी करण्यासाठी मराठ्यांच्या छावणीत गेले. किल्ला इंग्रजांच्या हाती जाण्यापेक्षा स्वकीयांच्या हाती द्यावा, असा त्यांचा हेतू असावा. परंतु छावणीत गेल्यावर त्यांना परत येऊ देण्यात आले नाही. बोलणी चालू आहेत हे कळताच इंग्रजांनी घाई केली. किल्ला तहाने मराठ्यांकडे गेला, तर लूट हातची जाणार होती.

१२ फेब्रुवारी रोजी दुपारी युद्धनौका खाडीच्या तोंडातून आत शिरल्या आणि तोफांचा भडिमार सुरू झाला. आंग्रे यांची जहाजे किल्ल्याच्या आश्रयाला एकमेकांना साखळीने जोडल्यासारखी दाटीने नांगरलेली होती. एक गोळा रिस्टोरेशनवर पडला व ते पेटले. सात वर्षांपूर्वी इंग्रजांकडून जिंकलेल्या त्या जहाजावरची आग शेजारच्या गुराबांवर आणि तेथून गलबतांवर पसरली. काही तासांत आंग्रे यांचे जवळजवळ संपूर्ण आरमार भस्मसात झाले. त्यात रिस्टोरेशनखेरीज आठ-दहा गुराबा, असंख्य गलबते व गोदीत बांधणी चालू असलेली जहाजेही होती. कान्होजींपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ जोपासलेली ही शक्ती समुद्रात लढाई न देताच बंदरात नष्ट झाली.

रात्री क्लाइव्हने जमिनीवर उतरून किल्ला व मराठ्यांची फौज यांच्यामध्ये आपली पलटण उभी केली. शत्रूची वाट अडवण्याइतकाच दोस्तांना किल्ल्यात शिरू न देण्याचाही त्यात हेतू होता. १३ फेब्रुवारीस किल्ला शरण आला. इंग्रजांकडील मृत व जखमींची संख्या विसाच्या आत होती. किल्ल्यात सुमारे २५० तोफा, मोठा दारूगोळा आणि सुमारे १० लाख रुपयांचा ऐवज सापडला. तो इंग्रजांनी आधी ठरल्याप्रमाणे आपसांत वाटून घेतला. तुळाजींची माता, पत्नी व मुले किल्ल्यातच होती. त्यांच्याही नशिबी कैद आली.

विजयदुर्गाच्या ताब्याचा वाद

तहाप्रमाणे विजयदुर्ग पेशव्यांना मिळायला हवा होता. किल्ल्याचे महत्त्व प्रत्यक्ष पाहिल्यावर इंग्रज तो सोडायला तयार होईनात. बाणकोट परत घ्या आणि विजयदुर्ग आम्हाला ठेवू द्या, अशी सूचना त्यांनी करून पाहिली. तुळाजी बोलणी करण्यास मराठ्यांकडे गेले, हाच करारभंग आहे, असाही त्यांचा युक्तिवाद होता. पेशव्यांनी ही मागणी मानली नाही. अनेक महिन्यांच्या पत्रव्यवहारानंतर ऑक्टोबर १७५६ मध्ये नवा तह झाला. इंग्रजांनी विजयदुर्ग सोडण्याचे मान्य केले, तर पेशव्यांनी बाणकोट व लगतची दहा गावे इंग्रजांकडे कायम केली. डचांना मराठी मुलखात व्यापार करू न देण्याचे आश्वासनही इंग्रजांनी मिळवले.

कैद व अखेर

तुळाजींना इंग्रजांच्या स्वाधीन करावे, अशी त्यांची मागणी होती. पेशव्यांनी ती फेटाळली व त्यांना आपल्याच कैदेत ठेवले. त्यांना सह्याद्रीतील किल्ल्यांवर व पुढे सोलापूर येथे बंदिवासात ठेवण्यात आले. त्यांची पुन्हा कधी सुटका झाली नाही आणि कैदेतच त्यांचा अंत झाला. समुद्रावर आयुष्य घालवलेल्या सरखेलाची अखेरची वर्षे समुद्रापासून दूर, घाटावर गेली.

त्यांच्या दोन मुलांनी काही वर्षांनंतर कैदेतून पळ काढला आणि मुंबईत आश्रय घेतला. ज्या इंग्रजांनी आपल्या पित्याचे आरमार जाळले, त्यांच्याच दारी जाण्यावाचून त्यांना गत्यंतर उरले नव्हते.

परिणाम

विजयदुर्ग हाती आल्यावर पेशव्यांनी तेथे आपल्या आरमाराचा सुभा स्थापन केला. पुढे धुळप घराण्याकडे त्याचे सुभेदारपद आले. आनंदराव धुळप यांनी इ.स. १७८३ मध्ये रेंजर हे इंग्रज जहाज व त्याच्याबरोबरच्या नौका पकडून पराक्रम गाजवला. परंतु आंग्रे यांच्या काळातील दरारा या आरमाराला पुन्हा मिळवता आला नाही. सरखेलाला आपल्या किनाऱ्याच्या उत्पन्नावर आरमार चालवता येत होते. सुभेदाराला त्यासाठी पुण्याच्या मंजुरीवर अवलंबून राहावे लागे, आणि पुण्याचे लक्ष मुख्यतः उत्तरेकडे व दख्खनच्या राजकारणाकडे असे.

मालवण किनाऱ्याला या बदलाची झळ लवकरच लागली. विजयदुर्गाचे आरमार आड येण्याची भीती संपल्यावर इंग्रजांनी इ.स. १७६५ मध्ये करवीरकरांचा सिंधुदुर्ग व सावंतांचा रेडीचा यशवंतगड घेतला. सिंधुदुर्ग त्यांनी पुढील वर्षी परत केला, पण इ.स. १८१२ मध्ये तो कायमचा त्यांच्याकडे गेला. इ.स. १८१८ मध्ये विजयदुर्गही शरण आला.

वॉटसन व क्लाइव्ह यांच्या दृष्टीने विजयदुर्ग ही पहिली पायरी ठरली. येथून ते मद्रासला व तेथून बंगालला गेले. विजयदुर्ग पडल्यानंतर सोळा महिन्यांनी प्लासीची लढाई झाली.

मूल्यमापन

तुळाजींविषयीची बहुतेक माहिती त्यांच्या विरोधकांच्या कागदांतून मिळते. इंग्रजी साधने त्यांना क्रूर चाचा ठरवतात, तर पेशवे दफ्तरातील पत्रे बंडखोर सरदार. त्यांची स्वतःची बाजू मांडणारी साधने फार थोडी आहेत. त्यामुळे या वर्णनांकडे सावधपणे पाहावे लागते. चाचेगिरीचा आरोप तर मुळातच टिकत नाही. छत्रपतींनी नेमलेला अधिकारी राज्याच्या किनाऱ्यावर परवाना मागत होता आणि तो नाकारणाऱ्यांची जहाजे पकडत होता.

इतिहासकारांचा एक वर्ग नानासाहेब पेशव्यांना दोष देतो. घरातील वाद मिटवण्यासाठी परकीय आरमार बोलावून त्यांनी राज्याचा सागरी पहारा स्वतःच्या हाताने मोडला, असे या मताचे सार आहे. दुसऱ्या मताप्रमाणे, तुळाजींनी कोणतीच वरिष्ठ सत्ता मानली नाही आणि सर्व शेजाऱ्यांशी वैर धरले, त्यामुळे पेशव्यांपुढे दुसरा मार्ग उरला नाही. आरमार नष्ट करावे, असा पेशव्यांचा हेतू होता, असेही म्हणता येत नाही. त्यांना किल्ले व जहाजे सुस्थितीत हवी होती. मात्र जहाजांचे काय करायचे, हा निर्णय तहाने इंग्रजांच्या हाती गेला होता. आंग्रे यांची भाऊबंदकी, छत्रपतींच्या पश्चात निर्माण झालेली सत्तेची पोकळी आणि समुद्राचे महत्त्व पुरेसे न ओळखणारे दरबारी राजकारण या तीन कारणांचा संयोग विजयदुर्गाच्या बंदरात घडला, असे म्हणणे अधिक रास्त ठरेल.

सेनानी म्हणून तुळाजींचे कर्तृत्व वादातीत आहे. गोपाळगड व गोविंदगडाचा विजय आणि डच तांड्याचा पराभव हे मराठा आरमाराच्या इतिहासातील मोठे पराक्रम आहेत. मुत्सद्देगिरीत मात्र ते पित्याच्या तोडीचे नव्हते.

स्मृती

विजयदुर्गाचे बुरूज व तिहेरी तट आजही पाहायला मिळतात. गिर्ये येथील गोदीचे अवशेष, तसेच किल्ल्याजवळ समुद्राच्या पाण्याखाली आढळलेली दगडी भिंत अभ्यासकांच्या कुतूहलाचा विषय आहे. कान्होजी आंग्रे यांचे नाव भारतीय नौदलाच्या मुंबईतील आय.एन.एस. आंग्रे या तळाला देण्यात आले आहे. तुळाजींची आठवण मुख्यतः विजयदुर्गाच्या परिसरात आहे. जेथे त्यांचे आरमार जळाले, त्या बंदरात आज मच्छीमारांच्या होड्या नांगरलेल्या असतात.